दूरचित्रवाणीवरील निवडणूक-वादचर्चा आणि ‘आपण’ हे सर्वनाम

निवडणुकीच्या काळात दूरचित्रवाणीवर ज्या वादचर्चा होतात त्यांतून उमेदवाराची प्रतिमा कशी घडते, या प्रश्नाला सामान्यतः एकच उत्तर दिले जाते. ते असे की, प्रतिमा डोळ्यांनी घडते, कानांनी नव्हे. या उत्तराच्या पुष्ट्यर्थ २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे जॉन केनेडी व रिचर्ड निक्सन यांच्यामध्ये झालेल्या पहिल्या दूरचित्रवाणी-वादाचा दाखला देण्याचा परिपाठ आहे. गुडघ्याच्या दुखण्यातून नुकतेच उठलेले निक्सन निस्तेज दिसले, त्यांचा करडा पोशाख मागील पडद्यात मिसळून गेला, उलट गडद पोशाखातील केनेडी टवटवीत दिसले; ज्यांनी तो वाद नभोवाणीवर ऐकला त्यांना निक्सन सरस वाटले आणि ज्यांनी पाहिला त्यांना केनेडी, अशी ती कथा आहे. या कथेचा उत्तरार्ध ज्या पाहणीवर उभा आहे ती फार तोकडी होती, असा आक्षेप व्हॅन्सिल आणि पेंडेल या अभ्यासकांनी १९८७ मध्ये घेतला. पुढे २००३ मध्ये जेम्स ड्रकमन यांनी तोच वाद काहींना दाखवून व काहींना केवळ ऐकवून प्रयोग केला, तेव्हा पाहणारांच्या निर्णयात उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वाचा ठसा अधिक वजनदार ठरतो असे त्यांना आढळले. तात्पर्य, कथा ढिसूळ असली तरी तिच्यात तथ्यांश आहे.

परंतु तो तथ्यांश अमेरिकेतील आहे, याचा विसर आपल्याकडील लेखकांना पडतो. मराठी वाहिन्यांवरील चर्चांविषयी लिहितानाही पोशाख, हातवारे, चेहऱ्यावरील स्मित यांचीच मोजदाद होते. भरताने नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. आपल्या समीक्षकांनी त्यांतील आंगिक आणि आहार्य हे दोनच उचलले आणि वाचिक सोडून दिला, असे म्हणावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. मराठी वादचर्चेत उमेदवाराची प्रतिमा प्रामुख्याने वाक्यरचनेतून, सर्वनामांतून आणि संबोधनांतून घडते; आणि ती घडविण्याची जी सोय मराठीच्या व्याकरणातच आहे, तिच्याकडे चर्चा चालविणारांचे लक्ष नसल्यामुळे मतदाराच्या हिताचा प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. दोन प्रमुख प्रतिस्पर्धी समोरासमोर उभे आहेत, मध्यस्थ वेळ मोजीत आहे आणि सारा देश पाहत आहे, असा प्रसंग आपल्याकडे रूढ झालेला नाही. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, निवृत्त न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी यांना अशा वादाचे जाहीर निमंत्रण दिले होते. गांधींनी ते स्वीकारले, वाद मात्र झाला नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पक्षांना दूरदर्शनवर व आकाशवाणीवर वेळ देण्याची जी योजना निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली १९९८ पासून चालू आहे तीत पक्षप्रतिनिधींच्या चर्चेचीही तरतूद आहे; परंतु त्या योजनेतील भाषणाचा मसुदा आगाऊ द्यावा लागतो आणि कोणाही व्यक्तीवर नाव घेऊन टीका करता येत नाही. अशा बंधनात प्रतिमा घडते ती पक्षाची, व्यक्तीची नव्हे. चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या २००७-०८ च्या सुमारास आल्या आणि चित्र पालटले. ‘आजचा सवाल’ सारखे कार्यक्रम रोज रात्री होऊ लागले. मात्र या चर्चांत बसतात ते बहुधा उमेदवार नव्हेत, प्रवक्ते. ज्याची जागा भक्कम तो उमेदवार चर्चेला येतच नाही. त्याला येण्याने मिळवावयाचे काही नसते. तो दूरध्वनीवरून दोन वाक्ये बोलतो, गाडीत बसता बसता ‘बाइट’ देतो, किंवा वाहिनीचा ताफा गावच्या चौकात येऊन कार्यक्रम करतो तेव्हा पाच मिनिटे उभा राहतो. मराठी वादचर्चेचे खरे रूप हे असे तुटक आहे. समोरासमोरचा वाद होत नाही. निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या वेळी बोललेली वाक्ये पडद्यावर एकमेकांशेजारी आणून वाद झाल्याचा भास उत्पन्न केला जातो. म्हणूनच येथे एकेका सुट्या वाक्याला अमेरिकेतल्यापेक्षा अधिक किंमत आहे.

या वाक्यांचा विचार करण्यासाठी मी पहूर हे ठिकाण घेतले आहे. जामनेर तालुक्यातील हे गाव वाघूर नदीकाठी, जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. पेठ आणि कसबे असे त्याचे दोन भाग आहेत. विधानसभेसाठी ते जामनेर मतदारसंघात आणि लोकसभेसाठी रावेर मतदारसंघात येते. गिरीश महाजन हे १९९५ पासून सातत्याने येथून विधानसभेवर निवडून आलेले आहेत. शेजारच्या मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे आणि धरणगावकडचे गुलाबराव पाटील हे या जिल्ह्याचे दूरचित्रवाणीवर वारंवार दिसणारे इतर दोन चेहरे होत. एका जिल्ह्यातून, तिन्ही निरनिराळ्या ढंगाचे असे तीन वक्ते दीर्घकाळ पडद्यावर असावेत, हा योग अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाचा आहे. शिवाय पहूरच्या पदरी असे दोन प्रश्न आहेत की ज्यांवर प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक उमेदवार बोलतो. एक, अजिंठ्यावरून पुढे छत्रपती संभाजीनगरास जाणारा रस्ता, ज्याचे रुंदीकरण कित्येक वर्षे रखडलेले होते. दुसरा, पाचोरा ते जामनेर ही पहुरास थांबणारी अरुंद मार्गाची रेल्वे. सुमारे शतकभर चाललेली ही गाडी २०२० साली महासाथीत बंद झाली, ती त्या रूपात पुन्हा सुरू झाली नाही. मार्ग रुंद करून तो बोदवडपर्यंत नेण्याची योजना पुढे आली. रस्ता आणि रेल्वे या दोन गोष्टींविषयी उमेदवार जी वाक्ये बोलतात त्यांची व्याकरणदृष्ट्या छाननी केली, की प्रतिमा कशी उभी राहते हे कळू लागते.

पुढील वाक्ये कोणा एका व्यक्तीची नव्हेत. साचा दाखविण्यासाठी घेतली आहेत. ‘रस्ता केला’, ‘निधी आणला’, ‘योजना मंजूर केली’. दामल्यांनी १९११ मध्ये ज्याचे सविस्तर विवेचन केले तो आपला कर्मणी प्रयोग येथे आहे. क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे फिरते. रस्ता म्हणून केला, योजना म्हणून केली, काम म्हणून केले. कर्त्याची खूण क्रियापदावर उमटत नाही. कर्ता द्वितीयपुरुषी असेल तरच ‘केलास’, ‘केलात’ अशी खूण उमटू शकते. म्हणजे कर्ता गाळून ‘रस्ता केला’ असे म्हटले की तो मी केला, आम्ही केला, त्याने केला, सरकारने केला, या सगळ्या शक्यता मोकळ्या राहतात; वगळला जातो तो एकटा ‘तू’, म्हणजे ऐकणारा. हिंदीतही भूतकाळी सकर्मक क्रियापद असेच वागते. इंग्रजीची गोष्ट वेगळी आहे. तेथे ‘मी’ किंवा ‘आम्ही’ उच्चारल्याशिवाय असे वाक्य उभेच राहत नाही. कर्ता लपवावयाचा तर वाक्याची सारी घडी बदलावी लागते, आणि तो बदल ऐकणाराच्या ध्यानी येतो. मराठीत तो येत नाही. वाक्य नेहमीचेच असते, स्वाभाविक असते आणि संपूर्ण असते.

आता याची दुसरी बाजू पाहावी. काम न झाल्याचे सांगावयाचे असते तेव्हा तोच उमेदवार अकर्मक क्रियापदांकडे वळतो. काम ‘रखडले’, निविदा ‘अडकली’, प्रकरण ‘मागे पडले’, आणि सर्वांत हृद्य म्हणजे ‘राहून गेले’. ‘राहून गेले’ या संयुक्त क्रियापदात कर्ता नाही एवढेच नव्हे, तर तो असू शकेल ही कल्पनाही नाही. एखादी वस्तू प्रवासात मागे राहावी त्याप्रमाणे पूल राहून जातो. यशासाठी सकर्मक क्रियापद आणि अपयशासाठी अकर्मक, ही विभागणी मी २०१९ व २०२४ या दोन विधानसभा निवडणुकांच्या काळातील चर्चा ऐकताना इतक्या वेळा टिपली की तिला साचा म्हणणेच योग्य. ती एका पक्षाची मिरास नाही. सत्तेत कोणीही असो, बोलणारा सत्तेत असला की क्रियापदे अशी वाटली जातात, आणि सत्तेबाहेर गेला की उलटी वाटली जातात.

वृत्तपत्रांनी या सगळ्या प्रकाराला ‘श्रेयवाद’ असे नाव दिले आहे. शब्द मार्मिक आहे, परंतु तो जणू राजकारण्यांच्या हव्यासाचे वर्णन करतो. त्यामागे भाषेची अनुकूलता आहे हे त्यात येत नाही. एकाच रस्त्याचे श्रेय तीन जण घेऊ शकतात याचे कारण तिघेही ‘रस्ता केला’ असे एकच वाक्य बोलतात, आणि तिघांचेही वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असते. सूत्रसंचालकाने अशा वेळी एकच शब्द विचारावयाचा असतो: कोणी? तो विचारला जात नाही. विचारले जाते ते ‘विरोधक म्हणतात की काहीच झाले नाही, यावर तुमची प्रतिक्रिया?’ प्रतिक्रिया हा शब्द आमच्या वादचर्चांना लागलेली कीड आहे. प्रतिक्रिया मागितली की उत्तर देण्याची जबाबदारी संपते.

यापुढची पायरी ‘आपण’ या सर्वनामाची. ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाराला वगळून आणि ‘आपण’ म्हणजे ऐकणाराला धरून, हा भेद मराठीच्या वैभवातला आहे. तो गुजरातीत आहे, द्राविडी भाषांत आहे, हिंदीच्या प्रमाण रूपात नाही. पण मराठी ‘आपण’ एवढ्यावर थांबत नाही. आदरार्थी ‘तुम्ही’ च्या जागीही ‘आपण’ येते: आपण या प्रश्नाचे उत्तर द्यावे. आणि बोलीत, विशेषतः बैठकीच्या रांगड्या बोलण्यात, ते ‘मी’ च्या जागी येते: आपण कोणाला भीत नाही. एकच सर्वनाम आणि पुरुष तीन. प्रमाण लेखनात संदर्भाने अर्थ ठरतो. वादचर्चेत मात्र संदर्भच हलत असतो, कारण श्रोते दोन असतात. समोरचा सूत्रसंचालक आणि पडद्यापलीकडचा मतदार.

‘आपण रेल्वेसाठी दिल्लीपर्यंत गेलो’ असे उमेदवार म्हणतो. सूत्रसंचालकाच्या कानी ते ‘मी गेलो’ असे पडते. पहुरातील श्रोत्याच्या कानी ते ‘आपण सगळे गेलो’ असे पडते, आणि आपण गेलो नव्हतो हे ठाऊक असूनही त्याला त्यात आपलेपण वाटते. हा केवळ संदिग्धतेचा प्रकार नव्हे. संदिग्ध वाक्याचा अर्थ लागत नाही. येथे दोन श्रोत्यांना दोन निरनिराळे अर्थ पूर्णपणे लागतात आणि दोन्ही उमेदवाराच्या पथ्यावर पडतात. श्रेय त्याचे, सोबत सर्वांची. पुढे कामाचा विचका झाल्यास हेच ‘आपण’ दोषही वाटून घेते: आपण कुठे तरी कमी पडलो. ‘मी कमी पडलो’ म्हणणारा उमेदवार पराभूत वाटतो, ‘आम्ही कमी पडलो’ म्हणणारा पक्षावर ढकलीत आहे असे वाटते. ‘आपण कमी पडलो’ म्हणणारा नम्र वाटतो. प्रवक्त्याला ही सोय नाही. तो ‘आम्ही’ म्हणतो, कारण तो पक्षाचा आवाज असतो, आणि म्हणूनच रोज रात्री पडद्यावर दिसूनही प्रवक्त्याची प्रतिमा मतदारसंघात मुळे धरीत नाही. प्रवक्ते निवडणुकीस उभे राहिले म्हणजे त्यांना पुन्हा ‘आपण’ म्हणावयास शिकावे लागते.

संबोधनांचा विचार येथेच करणे सोयीचे. खानदेशात राजकीय पुरुष हा ‘भाऊ’, ‘दादा’, ‘आप्पा’, ‘बापू’, ‘नाना’ असतो. नाथाभाऊ, गिरीशभाऊ, गुलाबभाऊ, सुरेशदादा ही नावे पक्षांच्या पलीकडे गेलेली आहेत. विरोधकही तीच वापरतात. मुंबईच्या स्टुडिओत या भाऊंचे दोन प्रकारे रूपांतर होते. जुन्या वळणाचा सूत्रसंचालक ‘खडसेसाहेब’, ‘पाटीलसाहेब’ म्हणतो. नव्या वळणाचा ‘गिरीशजी’ म्हणतो. हा ‘जी’ हिंदी वाहिन्यांच्या रीतीने मराठीत शिरलेला आहे आणि तो आदराचा असला तरी नात्याचा नाही. भाऊ म्हटले की मागणे मागण्याचा अधिकार येतो, साहेब म्हटले की अर्ज करण्याचा, ‘जी’ म्हटले की कसलाच नाही. एकनाथ खडसे यांच्या बोलण्यात एक लक्षणीय गोष्ट आढळते. ते स्वतःविषयी बोलताना अनेकदा ‘नाथाभाऊ’ असा तृतीयपुरुषी उल्लेख करतात. याला कोणी अहंकार म्हणेल. मला तो स्टुडिओने हिरावून घेतलेले नाते स्वतःच्या तोंडाने परत मिळविण्याचा प्रयत्न वाटतो. २०१६ च्या जून महिन्यात मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागल्यानंतर त्यांनी वाहिन्यांवर आपली बाजू मांडली, तीत अन्याय झालेला मनुष्य ‘मी’ नसून ‘नाथाभाऊ’ आहे, अशी मांडणी होत राहिली. ‘माझ्यावर अन्याय झाला’ ही तक्रार होते. ‘नाथाभाऊवर अन्याय झाला’ ही वार्ता होते. ती सांगणारा जणू तिऱ्हाईत असतो आणि ऐकणाराला ती पुढे सांगता येते.

बोलीचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या सातव्या खंडात न घालता नवव्या खंडात भिल्ल भाषांच्या सोबत बसविले होते. या वर्गीकरणाची वेदना खानदेशातील अभ्यासकांना अजून आहे आणि त्याची चर्चा येथे करावयाची नाही. पहूर ज्या टापूत येते तेथे अहिराणीपेक्षा तावडीचा पगडा अधिक. पूर्वेकडे लेवा समाजाची बोली आहे. ‘ळ’ चा ‘य’ होणे, ‘ण’ चा ‘न’ होणे या येथील ढोबळ खुणा. केळे पिकविणारा हा मुलूख ‘केळ’ ला ‘केय’ म्हणतो. आता या टापूतील उमेदवार दूरचित्रवाणीवर आला की काय करतो? नॉर्वेतील हेम्नेसबर्गेट या गावी ब्लोम आणि गंपर्झ यांनी केलेला अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील लोक सरकारी कामाचे प्रमाणभाषेत बोलून घरगुती विचारपूस बोलीत करतात, आणि एकाच संभाषणात या दोहोंमध्ये ये-जा करून प्रसंगाचा रंग बदलतात, असे त्यांनी दाखविले. आमच्या उमेदवारांची ये-जा याच जातीची आहे, परंतु तिची ठिकाणे ठरलेली आहेत. आकडे, योजनांची नावे, न्यायालयाचा निकाल हे प्रमाणभाषेत. विनोद, टोमणा, संताप हे बोलीत. ‘ळ’ आणि ‘य’ यांच्या मागावर राहिले तर वक्ता कोठे गंभीर आहे असे त्याला भासवावयाचे आहे आणि कोठे आपला आहे असे भासवावयाचे आहे, हे अचूक कळते.

बोली म्हणजे प्रामाणिकपणा, अशी एक भाबडी समजूत शहरी समीक्षकांत आहे. ती मला मान्य नाही. ज्या उमेदवाराने जळगावच्या महाविद्यालयात शिक्षण घेतले, ज्याची कित्येक वर्षे मुंबईस सभागृहात गेली, तो कॅमेऱ्यासमोर ‘य’ उच्चारतो तेव्हा ते खांद्यावर टाकलेल्या उपरण्यासारखे असते. भरताच्या परिभाषेत सांगावयाचे तर वाचिक येथे आहार्य झालेले असते. यात लबाडी आहे असे नव्हे. वेष हा मनुष्याचा खरा वेषही असू शकतो. परंतु बोलीत बोलला म्हणून खरे बोलला, हा निष्कर्ष निघत नाही.

खरी हानी निराळी आहे. विनोद आणि संताप बोलीत, आकडे प्रमाणभाषेत, अशी वाटणी पक्की झाली की वाहिनीला बोलीतला विनोदच तेवढा हवासा वाटतो, कारण तो कापून पुन:पुन्हा दाखविता येतो. गुलाबराव पाटील यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बोदवड नगरपंचायतीच्या प्रचारात, खडसे यांना उद्देशून, आपल्या मतदारसंघातील रस्त्यांची तुलना त्यांनी एका ख्यातनाम अभिनेत्रीच्या गालांशी केली. राज्य महिला आयोगाने आक्षेप घेतला आणि पाटील यांनी क्षमा मागितली. तुलना असभ्य होती यात शंका नाही. पण त्या गदारोळात एक गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नाही. भाषणाचा विषय रस्ते हा होता. मुक्ताईनगर आणि धरणगाव यांपैकी कोठे रस्ते झाले व कोठे नाही, यावर दोन पुढाऱ्यांत एक सरळ वाद चालला होता. जिल्ह्यातील मतदाराला त्याचे उत्तर हवे होते. वाहिन्यांनी दोन दिवस गालांची चर्चा केली, रस्त्यांची एक मिनिटही नाही. पुढे २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा संजय राऊत यांनी पाटील यांच्या पूर्वीच्या पानटपरीचा उल्लेख केला, आणि पाटील यांनी चुना लावण्याच्या वाक्प्रचाराने त्याची परतफेड केली. ही परतफेड भाषिक दृष्ट्या सरस होती. हिणविण्यासाठी वापरलेली वस्तूच त्यांनी शस्त्र केली, आणि कष्टातून वर आलेला मनुष्य ही आपली प्रतिमा एका श्लेषात पक्की केली. खडसे यांनीही २३ ऑक्टोबर २०२० रोजी पक्षांतर करताना ‘ईडी’ ला ‘सीडी’ ने उत्तर देण्याची जी भाषा केली तिचा जोर यमकात होता. अशी वाक्ये टिकतात याचे कारण ती कापली तरी पूर्ण राहतात. त्यांना मागचे-पुढचे वाक्य लागत नाही. पहूरच्या रेल्वेविषयी बोलावयास मात्र मागची दहा वाक्ये लागतात: मंजुरी कोणत्या वर्षीची, भूसंपादन कोठे आले, खर्चाचा वाटा केंद्राचा किती आणि राज्याचा किती. ती वाक्ये यमकात बसत नाहीत.

एका बाजूनेच सारा वाद उभा करण्याचा सर्वांत धीट प्रयोग महाराष्ट्राने २०१९ च्या एप्रिलमध्ये पाहिला. राज ठाकरे यांच्या पक्षाने लोकसभेला एकही उमेदवार उभा केला नव्हता. तरी त्यांच्या सभा वाहिन्या थेट दाखवीत होत्या. ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणून ते प्रतिपक्षाचे जुने भाषण मोठ्या पडद्यावर दाखवीत आणि नंतर त्याला उत्तर देत. प्रतिस्पर्धी चर्चेला येत नाही, तर त्याची ध्वनिचित्रफीत आणून बसवावी, ही कल्पना मोठी चतुर होती, आणि येथे वर ज्याला सुट्या वाक्यांचा वाद म्हटले त्याचे ते शुद्धतम रूप होते. निवडणुकीत मात्र ज्यांच्यावर टीका झाली त्या युतीला राज्यातील ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या. वादात सरस ठरणे आणि मत मिळणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे हे यावरून दिसते, आणि पडद्यावरील प्रतिमेने निवडणुका जिंकल्या जातात असे छातीठोकपणे सांगणारांनी या आकड्याचे समाधान द्यावयास हवे.

स्टुडिओतील चर्चेत जो गलका होतो त्याविषयी पुष्कळांनी खेद व्यक्त केला आहे. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफर्सन यांनी १९७४ मध्ये संभाषणातील पाळीचे जे नियम मांडले त्यांनुसार एका वेळी एकच बोलतो आणि दोघे एकदम बोलू लागल्यास एक जण थांबतो. सहा-सहा चौकटींतील सहा माणसे मराठी वाहिनीवर एकदम बोलतात तेव्हा हा नियम मोडला असे वाटते. मला तसे वाटत नाही. ‘माझे पूर्ण होऊ द्या’, ‘तुम्ही बोलत होता तेव्हा मी मध्ये बोललो नाही’, ‘मला बोलूच दिले जात नाही’ ही वाक्ये किती वेळा येतात ते मोजावे. ती पाळी मिळविण्यासाठी नसतात. पुष्कळदा ती पाळी मिळाल्यानंतर, मोकळ्या वेळात बोलली जातात. त्यांचा हेतू आपण सोशीक आहोत, समोरचा दांडगा आहे, हे दाखविण्याचा असतो. नियम मोडलेला नसतो. नियम मोडल्याची तक्रार हीच एक भूमिका म्हणून वठविलेली असते. चौकातील कार्यक्रमात हे काम समर्थकांच्या घोषणा करतात. दोन्ही बाजूंची मुले घोषणा देतात, उमेदवार हात वर करून त्यांना शांत करतो, आणि शांत करणारा म्हणून त्याची प्रतिमा उंचावते. ज्यांनी गलका केला ते त्याचेच असतात हे सर्वांस ठाऊक असते.

अशा चौकातील कार्यक्रमात कधी कधी ध्वनिक्षेपक गर्दीतील एखाद्या शेतकऱ्यापुढे धरला जातो. तो तावडीत बोलू लागतो, ‘आपल्या’ गाडीविषयी बोलतो. त्याच्या ‘आपल्या’ मध्ये उमेदवार धरलेला असतो, आणि प्रश्न नेमका असतो: गाडी बंद केली, ती कोणी? येथे क्रियापद सकर्मक आहे आणि कर्ता मागितलेला आहे. रात्रीच्या चर्चेत जे घडत नाही ते या एका वाक्यात घडते. सूत्रसंचालक त्याचे म्हणणे प्रमाण मराठीत उलटवून उमेदवाराकडे पाठवितो, आणि त्या उलटविण्यात वाक्य बदलते. ‘गाडी बंद झाली आहे, लोकांमध्ये नाराजी आहे, काय सांगाल?’ ‘केली’ ची ‘झाली’ होते. उमेदवार मग नाराजीविषयी बोलतो.